पाणीवाल्या साहेबांची बासष्ट माणसं

पाणीवाले साहेब शहराच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले आणि तीनच महिन्यांत त्यांना कळून चुकलं, की आपल्यावाचून शहराचं काहीच अडलेलं नाही. नळाला पाणी वेळेवर येत होतं. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं.

दिवसभर ते गॅलरीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. शेवटी परगावी नोकरी करणाऱ्या लेकीनं सुट्टीत येऊन घरच्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. ओसाड माळावर गाव वसवायचं आणि माणसं जगवायची.

"बाबा, पहिल्या फटक्यात नाही जमणार. चुकत-माकतच येतं ते," जाताना ती म्हणाली.

साहेबांनी सगळ्या गावाला कालवा खणायला लावलं. शेती कोणीच केली नाही. गाव उपाशी मेलं. दुसऱ्या खेपेला धान्य पिकलं, पण सरपण साठवायचं राहिलं; गाव थंडीनं गारठलं. तिसऱ्या खेपेला धान्य होतं, सरपण होतं, कालवा दारापर्यंत आला होता. फक्त वरच्या अंगाला साहेबांनी रंगाचा कारखाना काढला होता आणि त्याचं सांडपाणी कालव्यात उतरत होतं. पडद्यावर एकेक नाव यायचं आणि त्यावर फुली पडायची. साहेबांना जेवण जाईना.

सकाळीच गॅलरीत जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "बासष्ट माणसं गेली गं. माझ्याच पाण्यानं. त्यात पोरंबाळंसुद्धा होती."

खालच्या गॅलरीत शिवणकाम करणाऱ्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला चिमटा गळून पडला.

दुपारपर्यंत इमारतीत नळाला कोणी हात लावेना. बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचेतो मेलेल्यांचा आकडा ऐंशीवर गेला. एकाच्या पोटात दुखायला लागलं, मग सगळ्यांच्याच. सोसायटीचे सेक्रेटरी तणतणत वर आले.

"साहेब, इतकं झालं आणि तुम्ही गप्प?"

"अहो, ती गेममधली माणसं!"

"आता सारवासारव नको!"

"कालपासून घास उतरत नाहीये त्यांच्या घशाखाली," साहेबांची बायको कळवळून म्हणाली, आणि सेक्रेटरींची खात्रीच पटली. त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार ठोकली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, गच्चीवरची टाकी उपसली. झाकण कधीचं सरकलेलं होतं आणि तळाशी चार कबुतरं होती. जुनी.

संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा आले, या वेळी हात जोडून. बायकोनं पाणी पुढे केलं.

"साहेब, तुम्ही फोनवर बोलला नसता तर आम्ही तेच पीत बसलो असतो. आजपासून टाकी, पंप, सगळं तुमच्या ताब्यात."

साहेब खुर्चीत ताठ बसले. निवृत्त झाल्यापासून कोणी त्यांच्यावर साधं झाड सोपवलं नव्हतं.

"घेतो," ते म्हणाले. "लेक म्हणते तेच खरं. दोन-तीनदा माणसं गेल्याशिवाय हात बसत नाही."

सेक्रेटरींनी तोंडाशी नेलेला पेला हळूच खाली ठेवला.