हळदीच्या डब्यातली किल्ली

अपेक्षा, तू आधी नुसतं ऐक. हसायचं ते शेवटी.

मी घरी एअर पिस्तूल साफ करायला, छर्रे निवडायला टेबल करून घेतलं ना, ते पुण्यातलं सगळ्यात मजबूत टेबल आहे. सागाचे पाय, दीड इंच जाड फळी, शिवाय भिंतीत चार बोल्ट. ज्ञानदेव मिस्त्रींना सांगितलं होतं, "हत्ती बसला तरी हलता कामा नये." ते म्हणाले, "ताई, शनिवार पेठेत हत्ती येणार कुठनं?"

बाबांची अट एकच. पिस्तूल टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात आणि किल्ली माझ्या गळ्यात. "किल्ली एकदा जरी इकडेतिकडे दिसली, तर नेमबाजी बंद."

चतुर्थीला सकाळी मी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि केस धुवायला गेले. माझे केस म्हणजे तासाभराचं काम. बाहेर आले तर टेबलावर मखर, मखरात पाट, पाटावर गणपती आणि गुरुजींची प्राणप्रतिष्ठा उरकलेली.

"आई, इथे कशाला?"

"जुना टीपॉय डुगडुगतो. तूच म्हणालीस ना, हत्ती बसला तरी हलणार नाही?"

आता विसर्जनापर्यंत मूर्ती हलवायची नाही. आमचा गणपती दहा दिवसांचा. माझी निवड चाचणी पाचव्या दिवशी. किल्ली पाटाखाली. आणि बाबांना सांगायची सोय नाही.

चौथ्या दिवशी आरतीला सगळे डोळे मिटून गात होते. मी हळूच पाटाखाली उलथनं सरकवलं. जरा सरकवते तोच टाळ्या थांबल्या. मान वर केली तर सोळा माणसं माझ्याकडे बघतायत.

शेजारचे श्यामसुंदरकाका शांतपणे म्हणाले, "स्पृहा, गणपती आहे तो. थालीपीठ नाही."

"कापूर सांडला होता," मी म्हटलं.

बाबांनी उलथन्याकडे बघितलं. आई ते माझ्या हातातून घेऊन आत गेली.

पाचव्या दिवशी मी क्लबचं पिस्तूल घेऊन खेळले. त्याची मूठ कुठल्यातरी पैलवानाच्या मापाची. दोन गुणांनी निवड हुकली.

दहाव्या दिवशी उत्तरपूजा झाली, बाबांनी मूर्ती उचलली आणि मी पाटावर झडपच घातली. खाली अक्षता, एक सुपारी आणि माझा केसांचा रबर. किल्ली नाही.

स्वयंपाकघरात आईने हळदीचा डबा उघडला. "ही शोधतेयस?"

"तुझ्याकडे कशी?"

"मखर मांडताना दिसली. बाबांना दिसू नये म्हणून इथे लपवली. म्हटलं मागशील. तू मागितलीच नाहीस, मॅचलाही गेलीस, मग मला वाटलं तुझ्याकडे दुसरी असेल."

मी किल्ली गळ्यात घातली. तेव्हापासून गळा पिवळा झालाय आणि बाबा रोज विचारतायत, हळद कसली लावतेस म्हणून.

बघ, आईला एक शब्द विचारायचा होता फक्त. पण तू सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?