राजाच्या नाकाची परीक्षा

खोटं नाणं मला लांबून कळतं. लांबून म्हणजे, डबी उघडायच्या आधी! आमच्या नाणी-मंडळाने मला परीक्षक केलं ते काय उगाच?

आणि अशा मंडळात आमचे दातांचे डॉक्टर फॅन्टसी नाणी घेऊन आले! फॅन्टसी नाणं म्हणजे काय, माहितीये? जे राज्य कधी नव्हतं, जो राजा कधी जन्मलाच नाही, त्याच्या नावाने कुणीतरी हौशी माणूस घरबसल्या नाणं पाडतो आणि मखमलीवर ठेवून मिरवतो. म्हणजे न झालेल्या लग्नाचा अल्बमच की!

"ही बनावट आहेत!" मी कडाडलो.

"कशाची बनावट?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. दिवसभर दुसऱ्यांचे आ वासलेले जबडे बघणारा माणूस तो, माझ्या तोंडाला थोडाच घाबरणार! "नक्कल करायला आधी अस्सल लागतं. ह्याचं अस्सल कुठे आहे, दाखवा बघू!"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी आवाज चढवला. प्रदर्शनात फॅन्टसी नाण्यांना बंदी घाला, नाहीतर मी परीक्षकपद सोडतो, असं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. रविवारी मतदान ठरलं. मंडळाचे अध्यक्ष कोण? आमचे सासरेबुवा! घरचंच न्यायालय!

माझा बेत एकदम फक्कड होता. एक फॅन्टसी नाणं आपणच पाडून घ्यायचं. भर सभेत सासऱ्यांच्या हातात द्यायचं. ते 'अस्सल!' म्हणाले की ओरडायचं, "फसलात! अध्यक्ष फसतात, तिथे नवख्यांची काय कथा?" की झाली बंदी मंजूर!

"अहो, बाबांना चारचौघांत वेड्यात काढणार तुम्ही?" बायको म्हणाली.

"शास्त्रासाठी!"

"मग रात्री शास्त्राकडेच जेवायला जा."

मी पदकं बनवणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "राजाचा बाजूने काढलेला फोटो द्या. मनातनं नाक निघत नाही."

आता बाजूने काढलेला फोटो आणायचा कुठून? फोन चाळला तर एकाच माणसाचे सापडले. सासऱ्यांचे! मी फोटो काढायला गेलो की ते मान वळवतात. लग्नापासून एकदाही त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलेलं नाही.

"मिशा लावा, मुकुट चढवा, कोण ओळखतंय!" मी म्हणालो. कडेने अक्षरं हवी होती, तीही कुणाला वाचता न येणारी. खिशात एक चिठ्ठी होती, तीच दिली. मला महिनाभर वाचता आली नव्हती ती!

रविवारी सभेला मोजून तेवीस डोकी. मी नाणं सासऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी भिंग लावलं आणि बघता बघता बसल्या जागी ताठ झाले.

"वा! काय तेज आहे! हे कपाळ बघा. हे नाक बघा! असं नाक ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. मोठा न्यायी राजा असणार!"

माणूस स्वतःला आरशात समोरूनच बघतो हो! बाजूने कोण बघतंय?

"आणि ही लिपी! किती प्राचीन!"

"बघू बघू," म्हणत डॉक्टर वाकले. "ही लिपी मला येते की!"

मी नाणं ओढून घ्यायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

डॉक्टरांनी नाणं गोल फिरवत मोठ्याने वाचलं, "जेवणानंतर... दिवसातून दोनदा... कोमट पाण्याने चूळ भरणे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या अक्कलदाढेच्या वेळी लिहून दिलं होतं. भरता ना चूळ?"

सभा खदखदून हसली. डॉक्टर अजून नाण्यातच डोकं घालून! "थांबा, थांबा! हा जबडासुद्धा ओळखीचा आहे. अहो, ही कवळी मी बसवलीये! अध्यक्षसाहेब, जरा उजवीकडे मान करता?"

सासऱ्यांनी मान केली. एकवीस जणांनी आधी नाणं पाहिलं, मग नाक पाहिलं. मी टेबलाखाली माझा पेन शोधू लागलो. पेन खिशातच होता.

वर आलो तर सासरेबुवा माझ्याकडे रोखून बघत होते. सरळ. दोन्ही डोळ्यांनी!

"फसलात!" मी ठरलेलं वाक्य म्हटलं. पण आवाज असा आला, जसा मांजराच्या शेपटीवर पाय पडावा.

"मतदान घ्या," ते म्हणाले.

बंदीच्या बाजूने अकरा, विरुद्ध अकरा. निर्णय अध्यक्षांच्या हातात! अध्यक्षांनी नाणं छातीपाशी धरलं.

"फॅन्टसी नाण्यांना परवानगी!"

"अहो, पण तो राजा खोटा आहे!"

"खोटा? तुमच्यासमोर बसलाय तो!"

टाळ्या! डॉक्टर तर उठून उभे राहिले. मी खोल आवाजात म्हणालो, "मग मला परीक्षकपदाचा राजीनामा द्यावा लागेल." वाटलं, लोक 'नको, नको' म्हणतील.

"मंजूर," सासरेबुवा म्हणाले. "आता वेळच वेळ आहे तुम्हाला. अशी पन्नास पाडून आणा. सगळ्या नातेवाइकांना द्यायचीत."

संध्याकाळी सासूबाईंचा फोन!

"जावईबापू, यांचं नाणं बघितलं हो. छान आहे. पुढे हे राजे. मागे ही जबडा फाडून डरकाळी फोडणारी सिंहीण कोण?"

आता काय सांगू? पदकवाल्याकडे कुस्तीच्या बक्षिसाचा एक साचा उरला होता, तो त्याने मागच्या बाजूला वापरला. मी बघितलंही नव्हतं!

"अहो सासूबाई, ते आपलं नुसतं काल्पनिक!"

"हो ना. पण कल्पना कुणाची?"

मी त्यांना पदकवाल्याचा पत्ता देऊन टाकलाय. बिचाऱ्याने दोन दिवस दुकान उघडलेलं नाही.