कसं वाजलं?

धकातेकाकांना चहा द्यायचा असेल तर आधी रिकामा कप द्यावा लागतो. भरलेला दिला तर ते तो उलटा करून बूड पाहतात आणि चहा सतरंजी पिते. प्रताप नगरात राहायला आलो त्याच आठवड्यात आम्ही हे शिकलो. समोरच्या घरातून काका भेटायला आले, चष्मा कपाळावर चढवून कपाच्या बुडाचा शिक्का वाचला, काठावर नखाने टिचकी मारली आणि मला विचारलं, "कसं वाजलं?"

"चांगलं वाजलं," मी म्हणालो. कप कसा वाजतो यावर माझं मत तोवर कोणी विचारलं नव्हतं.

"कारखान्याचा माल आहे," काका म्हणाले. "पण सालस आहे. आण चहा."

काकांची कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत होती. उभा जन्म लिलावात ओरडण्यात गेला. आता अडत बंद आहे, मुलगी बंगलोरला आहे आणि विमलकाकू आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या. घरात काका आणि त्यांची जुनी चिनी भांडी. निळ्या नक्षीचे वाडगे, शेवाळी रंगाच्या थाळ्या, आणि एक झाकणाची बरणी, जिच्यात लोणचं घालायचं नुसतं नाव काढलं तरी काकांचा रक्तदाब वाढतो. इंग्रजी अमदानीत साहेब लोकांनी ही भांडी सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत आणली. साहेब गेले, भांडी राहिली, आणि हातोहात फिरत काकांच्या कपाटापर्यंत आली.

कॉलनीत मात्र 'काका चायनाचा माल जमवतात' एवढंच माहीत. एका शेजाऱ्याने त्यांना मोबाइलचा चार्जर मिळेल का विचारलं होतं. काका दसऱ्यापर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. दसऱ्याला सोनं दिलं, तेही दुसरीकडे बघून.

त्या काकांना आम्ही एकदा वडीलधारे म्हणून माझ्या मेव्हणीसाठी मुलाचं घर पाहायला नेलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय! मुलाच्या आईने चिवडा पुढे केला आणि सांगितलं, "हा वाडगा आमच्या सासूबाईंच्या वेळचा. खास चीनचा." झालं! काकांनी सगळा चिवडा शांतपणे स्वतःच्या रुमालात ओतला, वाडगा उलटा केला, टिचकी मारली आणि म्हणाले, "चीनचा नाही, आपल्याच देशातला, खुर्ज्याचा आहे. पाच-सात वर्षं झाली असतील. सासूबाई कधी वारल्या?" मुलाचे वडील हसत सुटले म्हणून सोयरीक जुळली, नाहीतर माझं सासुरवाडीला जाणं कायमचं बंद झालं असतं.

घरी गेलं की काका भांड्यांची ओळख करून देतात, तीही त्यांच्या आधीच्या मालकांसकट. "हा जज्जसाहेबाचा वाडगा. लय जीव होता त्यांचा याच्यावर. ते गेले तं पोरांनी यात कुत्र्याले दूध पाजलं. अन् ही थाळी डॉक्टरीणबाईची. लग्न नाही केलं तिनं. रोज संध्याकाळी एकटी जेवे, ही थाळी घेऊन."

"या थाळीत जेवायच्या?"

"थाळीत काहून जेवन गा ते बाई! थाळी समोर ठेवे. सोबतीले." एवढं बोलून ते पुढच्या भांड्याकडे वळले. मी मात्र त्या थाळीपाशीच अडकलो.

विमलकाकूंना या सगळ्याची काडीची आवड नव्हती, हेही काकाच सांगतात. काकू उमरेडच्या विणकर घरातल्या. बाजूच्या खोलीत माग चालू असला तर नुसत्या आवाजावरून धागा तुटला म्हणून सांगायच्या. काका एखादं भांडं पसंतीसाठी घरी आणायचे, बैठकीत बसून वाजवायचे आणि ओरडायचे, "कसं वाजलं वं?" काकू चुलीपुढून मानसुद्धा वळवायच्या नाहीत. आतून एकच शब्द यायचा. "ठेवा." नाहीतर "फिरवा." फिरवा म्हटलं की काका भांडं परत करून यायचे. काकू गेल्यावर काकांनी नवीन भांडं आणलं नाही. वय झालं म्हणून असेल, असं मला वाटायचं.

मागच्या रविवारी दुपारी काका आले ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून. टॉवेल ओला होता. आत जज्जसाहेबांचा वाडगा.

"धुवून राहिलो होतो. नळाले लागला," ते म्हणाले. "तडा काही दिसत नाही. तू वाजवून सांग."

मी टिचकी मारली. या वाडग्याचा आवाज मला माहीत होता, बराच वेळ हवेत राहायचा. आज थप्प झालं आणि संपलं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला काही ते सांगवेना.

"खणखणीत आहे, काका."

"अजून एकदा वाजव."

मी पुन्हा वाजवला. "एक नंबर," म्हणालो.

"तू माणूस चांगला आहेस गा," काका म्हणाले, "पण तुझ्या भरवशावर मी संत्रंही नसतं घेतलं. मले टिचकी ऐकू येत नाही. बोलणं ऐकू येते, जोरात बोललं तं. पण हा बारीक आवाज नाही येत. कळमन्याच्या लिलावातच गेले कान. कपाटातलं एक एक भांडं विमलच्या कानानं घेतलं आहे मी. विमल गेल्यापासून जिथं जातो तिथं विचारून राहिलो, कसं वाजलं? सारे म्हणतात, चांगलं वाजलं. खरं कोणी सांगतच नाही मले."

इतकी वर्षं आम्ही ज्याला काकांची खोड म्हणून हसलो, ते हे होतं. काकांनी वाडगा हातात घेतला आणि सवयीने त्यावर एक टिचकी मारली.

"अहो!" आतून माझ्या बायकोचा, मीनाचा, आवाज आला. ती पोळ्या लाटत होती, बाहेर कोण आलंय इकडे तिचं लक्षच नव्हतं. "ते तडकलेलं भांडं काहून वाजवून राहिले मघापासून? कान किटले माझे!"

मीनाचा आवाज चौकापर्यंत जातो. काकांना अक्षर न अक्षर ऐकू गेलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

काका स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. "तडकला काय वं पोरी?"

"अगं बाई, काका तुम्ही?" मीना पीठभरल्या हातांनी दारात आली. वाडगा पाहून कावरीबावरी झाली, पण तिला खोटं बोलता येत नाही. "हो काका. तडकलाच आहे."

"पाहा," काका मला म्हणाले, "चुलीपाशी समजलं!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. सगळ्यात लाडका वाडगा फुटला होता आणि हा माणूस लॉटरी लागल्यासारखा माझ्या बायकोकडे पाहत होता. मग ओल्या टॉवेलानेच तोंड पुसून ते घरी गेले.

रात्री मीनाला मी विमलकाकूंचं सगळं सांगितलं.

या रविवारी काका पुन्हा आले. टॉवेलात दुसरा वाडगा. मी हात पुढे केला, तर त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून बसले, टिचकी मारली आणि जोरात विचारलं, "कसं वाजलं वं?"

आतलं लाटणं थांबलं.

"ठेवा!" मीना ओरडली.

काकांनी वाडगा टॉवेलात नीट बांधला, मांडीवर घेतला आणि तसेच बसून राहिले. मी चहा टाकायला आत गेलो.