कप्पा सातचं पिवळं फडकं

नोंद, चौथं वर्ष, सोमवार: कप्पा सातच्या मुठीला पिवळं फडकं बांधलं. आदेशानुसार.

त्याच फडक्याचं वजन: खाली चाळीस ग्रॅम, वर शून्य.

"गुन्हेगार मला शोधावे लागत नाहीत. मी निघालो म्हटलं की त्यांनाच घाम फुटतो. नजर घारीची, मेंदू वस्ताऱ्यासारखा, आणि नम्रता एवढी की तोलायला काटा पुरणार नाही." भांडारपाल, स्वतःबद्दल, कोणी न विचारता.

संचालकांच्या टेबलावर एक कागद: नोंदविभागातील लेखनिकेस कायम करण्याबाबत. सहीची जागा कोरी.

एक पाटी, जाड अक्षरांत: हलवू नये.

तर झालं असं. अवकाशस्थानकाचा संशोधन कक्ष अकरा वर्षं पृथ्वीला घिरट्या घालून थकला होता आणि पुढच्या महिन्यात तो समुद्रात पाडायचा होता. त्याआधी त्याचा इतिहास लिहायचं काम भाचीकडे आलं. भाची म्हणजे वरच्या कागदातली लेखनिका, आणि भांडारपाल तिचे सख्खे मामा. तिने तीनशे बारा पानं लिहिली. संचालकांनी ती वाचली आणि पान एकशे चाळीसवर बोट ठेवलं.

"हे फडकं कशासाठी?"

"माहीत नाही, सर."

"शुक्रवारी छपाई. इतिहासात एकही 'माहीत नाही' नको. तोवर तुमचा कागद इथंच राहील."

हे तिने मामांना सांगायला नको होतं. पण दुपारचा डबा दोघं एकत्र खात, आणि मामांपासून काही लपवायचं तर उपाशी राहावं लागे. मामांनी तिथल्या तिथे प्रकरण हाती घेतलं. भांडारातल्या भिंगासाठी त्यांनी स्वतःकडे अर्ज केला, नियमानुसार तो नामंजूर केला, मग स्वतःचाच वशिला लावून भिंग मिळवलं.

आवारातल्या मोठ्या शेडमध्ये, सरावासाठी बांधलेला, त्या कक्षाचा जुळा भाऊ उभा होता. तेच कप्पे, त्याच मुठी, तेच दिवे. दर सोमवारी या जुळ्याचे फोटो जुळणीप्रमुखांच्या आदेशासह वर जात, आणि वरच्या मंडळींना आपल्याकडे काही वेगळं दिसलं तर ते खालच्याबरहुकूम करून टाकायचं, असा शिरस्ता. विचारायचं नाही, जुळवायचं. कप्पा सातच्या मुठीला इथेही पिवळं फडकं होतं. त्याच्यावरच ती पाटी.

"गाठ बघ," मामा भिंगातून म्हणाले. "दुहेरी, डावीकडून. ही खलाशांची गाठ. म्हणजे हेर समुद्रमार्गे आला."

"अवकाशात?"

"म्हणून तर कोणाला संशय आला नाही."

मंगळवारी हेर बारगळला, कारण फडकं म्हणजे हवेची गळती ओळखायचं गुप्त यंत्र निघालं. ते हलतं का हे पाहायला मामा दीड तास फुंकर मारत उभे राहिले आणि शेवटी त्यांनाच चक्कर आली. बुधवारी सकाळी तो एका विरही अंतराळवीराचा रुमाल झाला. सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक भाचीने पाहिले होते, पण एवढ्या कमी सुतावरून नाही.

बुधवारी दुपारी तिने सरळ वर विचारलं. संपर्क नऊ मिनिटांचा.

"ते फडकं का बांधलंय?"

"खालून आदेश आहे," वरून उत्तर आलं. "तुमच्याकडे का बांधलंय?"

भाचीने शेडच्या तंत्रज्ञाकडे पाहिलं. तो म्हणाला, "वर आहे म्हणून."

उरलेली आठ मिनिटं दोन्हीकडचे लोक आपापलं फडकं बघत राहिले.

गुरुवारी भाची शेडमध्ये कपाळाला हात लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी छपाई, आणि परवापासून बहुधा घरीच. सफाईवाल्या मावशी तिच्या पायाखालची फरशी पुसायला आल्या.

"पाय वर घे, बाई. काय झालं?"

"त्या फडक्याचं कोडं सुटत नाही."

"त्यात कसलं कोडं? माझं आहे ते."

मामांनी भिंग खाली केलं.

"ओलं होतं, वाळत घातलं," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणाला गेले. महिन्याने येऊन बघते तर त्याच्यावर पाटी. हलवू नये म्हटल्यावर मी कशाला हलवू? दुसरं घेतलं."

"ही खलाशी गाठ?" मामांनी क्षीण आवाजात विचारलं.

"आमच्या सासूबाईंची."

"सात वर्षं तुम्ही बोलला नाहीत, मावशी?" भाची म्हणाली.

"विचारलं कोणी?"

मामा घसा खाकरून म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. साक्षीदार पिकायची वाट पाहत होतो."

भाचीने त्या सोमवारचा मूळ आदेश बाहेर काढला. 'खालच्याप्रमाणे पिवळे फडके बांधावे.' खाली जुळणीप्रमुखांची सही. तेव्हाचे जुळणीप्रमुख म्हणजे आताचे संचालक.

मामांनी कागद पाहिला आणि आवाज उतरवला. "पोरी, गळतीचं यंत्र लिही. माझा सिद्धांत तुला फुकट देतो. सहीचं नाव काढू नकोस."

ती संध्याकाळपर्यंत त्या पानासमोर बसली. मग होतं तसं लिहिलं: ओलं फडकं, सोमवारचा फोटो, आदेश, सही.

शुक्रवारी संचालकांनी पान दोनदा वाचलं.

"सही कोणाची, हे छापायलाच हवं?"

"'माहीत नाही' नको म्हणालात, सर. हे माहीत आहे."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आधी पान एकशे चाळीसवर सही केली आणि मग तिच्या कागदावर. दोन्हीखाली जुन्या आदेशावरचाच लांबलचक फराटा होता.

छापलेल्या इतिहासाच्या पहिल्या पानावर, कक्षात सर्वांत आधी शिरलेल्या माणसाची पहिल्या दिवसाची नोंद होती: दार उघडलं. आत नव्या रंगाचा वास आहे.