सतराशे साठ अंडी

माझ्या हातून आकडा चुकत नाही! हे मी नाही, आमचे साहेब म्हणतात. निदान त्या सोमवारपर्यंत म्हणत. पोषण खात्यात माझं काम एकच, घरोघर जाऊन 'काल काय खाल्लं?' असं विचारायचं आणि तक्ता भरायचा. त्या तक्त्यावरून ठरतं, कुठल्या गल्लीतल्या पोरांना रोज फुकट अंडं द्यायचं.

त्या गल्लीत पंचवीस घरं. पहिल्याच दारात एक मावशी शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मावशी, काल घरात अंडी किती खाल्ली?"

मावशींनी हळूच शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. तिथला पडदा हलला.

"प्रत्येकी एक!" मावशी ठणकावून म्हणाल्या.

"आमच्यात दोन!" पडद्यामागून आवाज आला.

"आम्ही तर बाई मोजतच नाही!" समोरची गॅलरी बोलली.

पुढे मला विचारावंही लागेना. लिलावासारखी बोली चढत गेली. शेवटच्या घरातल्या आजोबांच्या तोंडात एकही दात नव्हता, पण त्यांनीही चार सांगितली! मी आनंदानं लिहीत सुटलो. इतकी मनमोकळी माणसं मला आजवर भेटली नव्हती.

अहवाल पाहून साहेब खूश. "या गल्लीला काय कमी आहे? सोमवारपासून इथली अंडी बंद!"

सोमवारी अकरा वाजता सगळी गल्ली कचेरीत! मावशी सर्वांच्या पुढे.

"पोरांच्या तोंडचं अंडं काढलंत?"

"अहो, तुम्हीच तर सांगितलंत!"

"शेजारीण कान लावून उभी असताना खरं कोण सांगतं? एकट्यात विचारायचं असतं, एवढंही कळत नाही?"

आता बोली उलटी सुरू झाली. एकीनं महिनाभर अंडं पाहिलं नव्हतं, दुसरीनं लग्नापासून. आजोबांना तर अंडं गोल असतं की चौकोनी, तेच आठवेना!

"संध्याकाळपर्यंत खरा आकडा आणा," साहेब गुरगुरले. "नाहीतर अंडी बंदच!"

माझ्या शहाणपणापायी चाळीस पोरं उपाशी राहणार होती. शेवटी शिपायाला सोबत घेतलं आणि गल्लीच्या तोंडावरच्या अंडेवाल्याला गाठलं.

"या गल्लीत आठवड्याला किती अंडी जातात?"

"एक ट्रे. तीस. त्यातली सहा माझ्याच घरी."

"माझ्या तक्त्याच्या हिशेबानं आठवड्याला सतराशे साठ होतात."

"मग दादा, कोंबड्यांना आधी कळवायला हवं होतं!"

मी दोन्ही आकडे साहेबांसमोर ठेवले आणि चूक कबूल केली. अंडी पुन्हा सुरू झाली! "वेंधळा आहे, पण मनानं बरा आहे," असं प्रमाणपत्र देऊन मावशी गेल्या. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी शिपाई तक्त्यांचा गठ्ठा पोचवायला घरी आला. मी बायकोसमोर छाती फुगवली. "लक्षात ठेव! माणूस तोंडानं सांगतो त्यावर जायचं नाही. दुसरीकडून पडताळून घ्यायचं!"

तिनं शिपायाच्या हातात पाण्याचा पेला दिला. "भाऊजी, डब्यातली कोबीची भाजी यांना खरंच आवडते का हो? अकरा वर्षं 'फक्कड झाली होती' म्हणतात, पण घरी कधी दुसऱ्यांदा घेत नाहीत."

मी डोळ्यांनी खुणावत होतो. पण शिपाई पडला सरळ माणूस.

"त्यांचं काय माहीत, वहिनी? डब्यातली त्यांनी कधी खाल्लीच नाही. पण फक्कडच असते. मी चाटूनपुसून खातो!"

आता काही खरं नाही, असं वाटून मी डोळे मिटले. बघतो तर बायको पोट धरून हसत होती!

"अहो, मलाही कोबी नाही आवडत! तुमच्यासाठी म्हणून करत होते!"

मग मीही हसलो. अकरा वर्षं आमच्या घरात कोबी शिजला तो फक्त शिपायासाठी, आणि त्याला आम्ही कधी काही विचारलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी डब्यात वांगं होतं. घरी येऊन बूट काढतो न काढतो तोच मी म्हणालो, "अगं, आजची भाजी तर..."

"तुम्ही राहू द्या," बायको म्हणाली. "मी मघाशीच शिपाईभाऊजींना फोन केलाय."