देशकरांच्या खाटेवरचं हवामान

सुमेधाबाई देशकरांनी वैशाखातल्या भर दुपारी अंगणातल्या खाटांवरचं वाळवण उचललं, आणि त्यापायी त्यांचे यजमान गुणवंतराव यांची कारखान्यातली नोकरी जायची वेळ आली. पापड उचलल्यानं नोकरी कशी जाते, असं कुणी विचारील. शांततेच्या काळात जात नाही. पण ते महायुद्धाचे दिवस होते, गाव जबलपूर होतं, आणि रांझीच्या कारखान्यात तोफगोळे भरले जात होते. अशा ठिकाणी काहीही होतं.

लढाईमुळे तांदूळ, साखर, रॉकेल मिळेनासं झालं होतं, तसा हवामानाचा अंदाजही मिळेनासा झाला होता. समुद्रावर वादळ कुठं उठलं, पाऊस कुठवर पोचणार, हे जपानी विमानांना कळू नये म्हणून ते पेपरात छापणंच बंद झालं होतं. जपान्यांना कळायचं थांबलं की नाही, देव जाणे. रांझीतल्या बायकांना मात्र कळेनासं झालं. बंगालच्या उपसागरात उन्हाळी वादळ झालं की त्याचे ढग कधीकधी जबलपूरपर्यंत येतात, आणि नेमके तेच दिवस पापड-कुरडयांचे.

अंदाज येई तो तारेनं, तोही फक्त कारखान्याच्या मोठ्या साहेबासाठी. ती तार उतरवून घेणारा बाबू म्हणजे रत्नाकर, सुमेधाबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. रत्नाकरनं गुप्ततेची शपथ घेतली होती आणि ती त्याला भलतीच चढली होती.

"काय उकडून राहिलं रे आज," ताई म्हणे.

"मी त्यावर काही बोलू शकत नाही," रत्नाकर घाम पुसत म्हणे.

"अरे, तुझा सदरा भिजला आहे."

"ताई, तू मला अडचणीत आणून राहिली."

एका रविवारी तो जेवून गेला आणि सुमेधाबाईंनी कुरडया डब्यात भरल्या. त्या वाळल्या होत्या, म्हणून भरल्या. पण संध्याकाळी पाऊस शिंतडून गेला, आणि शेजारच्या बेबीमावशीनं आपली अक्कल चालवली. भाऊ तारघरात, मग बहिणीला ठाऊक नसणार काय? झालं. त्या दिवसापासून सुमेधाबाईंनी वाळवण घातलं की क्वार्टरांची सगळी लाईन घाली, आणि त्यांनी उचललं की सगळी लाईन उचली. पुढं वीटभट्टीवाले येऊन कुंपणापलीकडून खाटा बघून जाऊ लागले. टांगेवाले बघू लागले. सुमेधाबाईंना यातलं काहीही माहीत नव्हतं. लोक आपल्या पापडांचं कौतुक करायला थांबतात, अशी त्यांची समजूत होती, आणि ती त्यांना आवडतही होती.

त्या वर्षी वाळवण साधंसुधं नव्हतंच. लेकीचं, विनताचं, लग्न पुढच्या आठवड्यात होतं, वऱ्हाड नागपूरचं होतं, आणि खाटांवर होतं तिचं रुखवत. रेशनच्या गव्हातून मूठमूठ मागं टाकून सुमेधाबाईंनी चीक काढला होता. रंगीत कुरडया, पंख्यासारखे पापड, हातावरच्या शेवया, सगळं आलं होतं. विहीणबाईंनी नुसतं बघत राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

तर त्या दुपारी वारा बरगीकडून सुटला. तिकडच्या जंगलात मोहाखालचा पाला जाळता जाळता वणवा लागला होता, आणि त्याचा धूर रांझीवर आला. एका पिवळ्या कुरडईवर राखेची काळी पापडी येऊन बसली, तेव्हा सुमेधाबाई खाटेशी धावल्या.

"विनता, धर तिकडून," त्या म्हणाल्या. "सगळं काळं होऊन राहिलं."

मायलेकींनी खाटा उचलून आत नेल्या. बेबीमावशीनं ते पाहिलं आणि डोक्यावर पदर न घेताच ओळीतून हाकारत निघाली. घटकाभरात एकाही अंगणात पापड राहिला नाही. वीटभट्टीवाल्यानं कच्च्या विटांवर ताडपत्र्या टाकल्या. टांगेवाले घोडी सोडून घरी गेले. इथवर ठीक होतं. पण धाकट्या साहेबाच्या बंगल्यावर त्या दिवशी लढाईच्या मदतनिधीसाठी चहापार्टी होती, आणि तिथल्या मांडववाल्यानं साहेबांच्या देखत मांडव उतरवायला घेतला. बड्या बड्या मडमा हातात कप घेऊन उन्हात उभ्या राहिल्या.

"ये क्या करता है?" साहेब ओरडला.

"हुजूर, तूफान आ रहा है," मांडववाला दोर सोडत म्हणाला. "देशकर बाई ने पापड़ उठा लिए."

साहेबानं देशकर बाई कोण याची चौकशी केली. तिचा भाऊ कोण, हेही त्याला कळलं. मग त्यानं सुरक्षा अधिकारी दुबेजींना बोलावलं.

दुबेजी आले ते गुणवंतरावांना स्टोअरमधून उठवून, रत्नाकरला तारघरातून उचलून, दोघांना घेऊनच. अंगणात खुर्ची टाकून बसले. बेबीमावशी आणि बाकीची लाईन आपापल्या दारांत उभी राहिली. कुणीही उंबरा ओलांडायचा नाही, असा दुबेजींचा हुकूम होता.

"देशकर जी, सरकारी खबर फूटी है," ते म्हणाले. "नौकरी तो जाएगी ही, क्वार्टर भी जाएगा. जेल का मैं अभी कुछ कहता नहीं."

गुणवंतरावांनी हात जोडले. पोरीचं लग्न आठवड्यावर, आणि वऱ्हाड उतरवायला घरच नसणार. "साहेब, कोणती खबर?" त्यांनी विचारलं.

"वो मुझे नहीं मालूम. मौसम की खबर जानने का अधिकार मुझे भी नहीं है. मुझे सिर्फ ये पता करना है कि आपको कैसे पता चली."

"पण आम्हाला पता चलीच नाही ना, दुबेजी. धूर होता. जंगल जळून राहिलं होतं."

दुबेजींनी वर पाहिलं. सगळ्यांनी वर पाहिलं. वारा केव्हाच फिरला होता. धुराचा मागमूस नव्हता, आणि पूर्वेकडून मात्र चांगले काळेभोर ढग चढत होते. गुणवंतरावांनी आयुष्यात इतक्या मनापासून पावसाला शिव्या दिल्या नव्हत्या.

"कहाँ है धुआँ? मुझे तो बारिश दिख रही है."

सुमेधाबाईंनी काजळी लागलेली कुरडई आणून दाखवली. दुबेजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि चुलीतही हे होऊ शकतं, असा शेरा मारला. मग ते रत्नाकरकडे वळले.

"आपने अपनी दीदी को बताया?"

"मी काही सांगू शकत नाही," रत्नाकर म्हणाला.

"बताया नहीं, इतना तो बोलो."

"ते सांगितलं तर तार आली होती, हे कबूल केल्यासारखं होईल."

"गाढवा, माझी नोकरी जाऊन राहिली," गुणवंतराव दात खाऊन म्हणाले. रत्नाकरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शपथ ती शपथ.

दुबेजींनी बराच विचार केला. मग म्हणाले, "चलो. भाभीजी, आपको कुछ नहीं मालूम ना? तो धुआँ अब चला गया. पापड़ फिर से बाहर डालिए, जैसे रोज डालती हैं."

सुमेधाबाईंनी एकदा ढगांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. हो म्हणावं तर रुखवत जातं, नाही म्हणावं तर नोकरी. त्या आत गेल्या. विनता खाट धरायला आली.

"आई, राहू दे ना. भिजतील सगळ्या."

"कशानं भिजतील?" सुमेधाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "आपल्याला काय ठाऊक? ऊन आहे ना चांगलं."

खाटा बाहेर आल्या. सुमेधाबाईंनी एकेक कुरडई सुटी करून मांडली, शेवया पसरल्या, पंख्याचे पापड कडेला लावले. वारा एवढा सुटला होता की पापडांवर वाट्या ठेवाव्या लागल्या. दारांत उभ्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. विजेचा कडकडाट झाला. सुमेधाबाई वर न बघता शेवया नीट करत राहिल्या.

पहिला थेंब दुबेजींच्या टोपीवर पडला. गुणवंतरावांचे पाय खाटेकडे निघाले, त्यांनी ते मागं ओढले. दुसरा थेंब कुरडईवर पडला. मग मोजायला कुणी थांबलं नाही. पाऊस असा कोसळला की शेवयांचा लगदा खाटेच्या सुतळ्यांतून खाली गळू लागला, आणि रंगीत कुरडयांचा लाल-पिवळा ओघळ अंगणभर पसरला. सुमेधाबाई तिथंच उभ्या राहून रडू लागल्या. महिनाभराची मेहनत डोळ्यांदेखत वाहून जात होती, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

दुबेजी उठले. नखशिखांत भिजले होते. "बस, मान गए," ते म्हणाले. "जिसे पता होता, वो बेटी का सामान ऐसे न डुबोती. मैं ऊपर लिख दूँगा, इस घर में मौसम का किसी को कुछ पता नहीं."

नोकरी वाचली. पाऊस ओसरल्यावर बेबीमावशी झाकलेलं ताट घेऊन आली. "तुझ्यामुळं आमचे वाचले, तर तुझे काहून जावेत?" ती म्हणाली. तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. कुणाच्या कुरडया, कुणाचे साबुदाण्याचे पापड, हिंदी शेजारणींच्या कोहळ्याच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे. रुखवत पहिल्यापेक्षा मोठं झालं, फक्त त्यातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. नागपूरची विहीण ही जबलपूरची पद्धत आहे असं समजली आणि खूश झाली.

लग्न आटोपल्यावर रत्नाकर आला आणि दार लावून बसला. "भाऊजी, त्या तारेची मुदत संपली. आता सांगायला हरकत नाही."

"काय होतं तिच्यात?"

"आठवडाभर आकाश साफ, पाऊस नाही."

गुणवंतराव सावकाश खाली बसले. "म्हणजे तू सांगितलं असतंस, तर ढग पाहूनही आम्ही पापड बाहेरच ठेवले असते?"

"हो ना."

"आणि आम्ही बाहेर ठेवले, म्हणून दुबेजींनी आम्हाला सोडलं."

"हो. मी विचार करून पाहिला. तार ज्याला ठाऊक होती, त्यानंही हेच केलं असतं. त्यांना हे कळायला नको."

तेवढ्यात कुंपणाशी दुबेजीच दिसले. दोघंही गार झाले. दुबेजींनी इकडं तिकडं पाहून सुमेधाबाईंना खुणेनं बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"भाभीजी, ये सरकारी तौर पर नहीं पूछ रहा. घर में बड़ी डालनी है. आज डालें?"

"मला काय ठाऊक, भैया?" सुमेधाबाई म्हणाल्या. "तुम्हीच तर वर लिहून दिलं ना, या घरात कोणाला काही माहीत नाही म्हणून."

दुबेजींनी अंगणातल्या रिकाम्या खाटांकडे पाहून अर्थपूर्ण मान डोलावली. इतकं गुप्त ठेवतात, म्हणजे खबर पक्की असणार. "समझ गए," ते पुटपुटले आणि लगबगीनं घरी गेले.

दुबेजींनी बड्या घातल्या नाहीत, आणि त्यांचं पाहून त्या दिवशी सबंध रांझीत कुणी एक पापड बाहेर घातला नाही. दिवसभर कडकडीत ऊन पडलं होतं.