नोकरी हवी, पण चेन्नईतच

सेतुमाधव कुणाकडेही आला की बसायच्या आधी भिंतीवर टकटक करतो. मग कान लावतो आणि "सेरी, ठीक आहे, दहा वर्षं भय नाही" असा निर्वाळा देऊन कॉफी मागतो. माझ्या घरमालकासमोर त्याने हे केलं, तेव्हा त्याला कुठे लपवू असं झालं मला.

मी साताऱ्याचा, बँकेच्या बदलीने चेन्नईत, मैलापुरात आलेला. हा वरच्या मजल्यावरचा, तंजावरकडचा, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेला मराठी. सिव्हिल इंजिनिअर. सात वर्षं पूल बांधले आणि तिशीत ते सोडून गडी कॉम्प्युटरच्या एम.टेक.ला बसला. वर्गातली पोरं त्याला सर म्हणायची. का रे बाबा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नदी असेल तेथे पूल. कॉम्प्युटर कोठेही बसतो." नोकरी मात्र चेन्नईतच हवी. आईचं सांबार सोडवत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, माझी जीभ काय कमी आहे?

पहिल्याच मुलाखतीत स्वारीने माती खाल्ली. फळ्यावर प्रोग्राम लिहायचा होता. याने निम्मा लिहिला, फळ्यामागची भिंत ठोकली आणि आत पाइप फुटलाय असं जाहीर केलं. पाइप खरंच फुटला होता. आठ दिवसांनी कंपनीचा फोन आला, आणि हा मैसूरपाक वाटून मोकळा. त्यांना वरच्या मजल्याचं बाथरूम दाखवायचं होतं. बरं, हा गेलाही!

मग बंगळूरची नोकरी आली, दणदणीत पगाराची. याने नको कळवलं. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हा तोंड धुवायला गेला! मी भडकलो. जिन्यातच गाठून म्हटलं, दोन वर्षांचं शिक्षण पाण्यात घालतोस, मूर्खा.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "अप्पा गेल्यापासून आई मराठी बोलते ती माझ्याशीच. हे घर ती सोडत नाही, फोनवर तिला ऐकू येत नाही. पुलाच्या कामावर आठ महिने लांब होतो. परत आलो तर मीठ मागायला तिला मराठी शब्द सापडेना. रडली हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मी येत जाईन संध्याकाळी, बोलत बसेन त्यांच्याशी.

त्याने जरा विचार केला. "तुमचं मराठी तिला निम्मं कळणार नाही," तो म्हणाला. "तरी या."